शिकामो, मराहाबा आणि आपला नमस्कार

कोणत्याही परक्या भाषेची संभाषणपुस्तिका उघडली की पहिल्या पानावर अभिवादने असतात. डाव्या रकान्यात त्या भाषेतील शब्द, उजव्या रकान्यात आपल्या भाषेतील अर्थ; आणि त्या उजव्या रकान्यात वरपासून खालपर्यंत ‘नमस्कार’ हा एकच शब्द चार-सहा वेळा छापलेला. पुढच्या पानांवर बाजारहाट, आजारपण, आगगाडीच्या वेळा वगैरे येतात आणि तेथे भाषांतर बरेचसे जमते. कारण मीठ आणि तिकीट या वस्तू सगळीकडे सारख्याच. फसते ते पहिले पान. अभिवादनाचा कोशातील अर्थ एक असतो, ते उच्चारणाराच्या मनातील अर्थ दुसरा असतो, आणि ऐकणाराने त्याला काय उत्तर द्यावयाचे यावर तिसराच अर्थ ठरतो. स्वाहिली भाषेच्या बाबतीत पुस्तिकांची ही फसगत इतकी ठळक दिसते, की तिच्या निमित्ताने आपल्या स्वतःच्या अभिवादनांकडेही पुन्हा एकदा पाहावे असे वाटते.

स्वाहिली ही आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर वाढलेली भाषा. व्याकरणाने ती बांटू कुळातील. पण शतकानुशतकांच्या दर्यावर्दी व्यापारामुळे तिच्या शब्दसंग्रहात अरबीची मोठी भर पडलेली आहे. टांझानिया आणि केनिया या देशांत तिला राजभाषेचा मान आहे. आमच्या म्हैसूरला ती अगदीच अनोळखी म्हणता येणार नाही. येथील विद्यापीठात पूर्व आफ्रिकेतून विद्यार्थी येतात, आणि मानसगंगोत्रीच्या बाजूला संध्याकाळी फिरावयास गेले तर कन्नड, मलयाळम, हिंदी यांच्या जोडीला स्वाहिलीही कानांवर पडण्याचा संभव असतो. कानांवर पहिल्याने पडते ते अर्थातच अभिवादन. दोघे भेटले की एकाच वाक्यावर त्यांचे भागत नाही. प्रश्न आणि उत्तर, प्रश्न आणि उत्तर असे बराच वेळ चालते, आणि ते संपल्याखेरीज मुख्य गोष्टीला कोणी हात घालीत नाही.

परदेशी प्रवाशांना शिकविला जाणारा शब्द ‘जांबो’. परदेशी माणसाने हात जोडून ‘नमस्ते’ म्हणावे आणि आपण कौतुकाने हसावे, तशी या एकट्या ‘जांबो’ची गत आहे. तेथील लोक आपसांत तो असा सुटा वापरीत नाहीत. ‘जांबो’ म्हणजे बाब, गोष्ट, भानगड. ‘हुजांबो?’ म्हणजे ‘तुला काही भानगड नाही ना?’ आणि उत्तर ‘सिजांबो’, म्हणजे ‘मला काही नाही’. हा शब्द क्रियापदासारखा चालतो, ही त्याची खरी गंमत. अनेकांना विचारावयाचे तर ‘हामजांबो?’, त्यांचे उत्तर ‘हातुजांबो’. आणि समोर नसलेल्या माणसांविषयीही हेच रूप फिरवून विचारता येते. ‘वातोतो हावाजांबो?’ म्हणजे ‘मुलांना काही नाही ना?’ एका शब्दाने सारे घर पालथे घालता येते. आपल्या नमस्काराला ही सोय नाही. तो समोरच्या माणसापाशीच थांबतो.

मात्र आपल्याकडेही या जातीची विचारणा आहे, फक्त तिला आपण अभिवादन म्हणून मोजीत नाही. ‘काय म्हणता?’ हे मराठी वाक्य घ्या. समोरचा अजून काहीच म्हणालेला नसतो. तरीही आपण विचारतो, आणि तोही ‘काही नाही, चाललंय’ असे उत्तर देतो. येथे ‘काही नाही’ हे उत्तर ‘सिजांबो’ची अगदी सख्खी बहीण आहे: माझ्याविषयी सांगण्यासारखी बाब नाही, म्हणजेच सर्व ठीक आहे. सुख म्हणजे बातमीचा अभाव, हा विचार दोन्ही भाषांनी परस्परांना न विचारता केलेला दिसतो. म्हैसुरात याच जागी सकाळी ‘तिंडि आय्ता?’ आणि दुपारी ‘ऊट आय्ता?’ विचारतात. न्याहारी झाली का, जेवण झाले का. या प्रश्नाला ‘नाही झाले’ असे खरे उत्तर दिले तर विचारणारा अडचणीत येतो, हे महाराष्ट्रातून नव्याने बदलून आलेल्या मराठी माणसाला समजावयास काही दिवस लागतात.

‘हुजांबो’च्या पाठोपाठ येते ते ‘हबारी’. हा शब्द अरबी ‘खबर’पासून आलेला, म्हणजे आपल्या ‘खबरबाती’च्याच घरचा. ‘हबारी झा न्युंबानी?’ घरची खबर काय. ‘हबारी झा काझी?’ कामाची खबर काय. ‘हबारी झा सफारी?’ प्रवासाची खबर काय. (इंग्रजांनी वाघसिंह पाहण्याच्या सहलीला हा ‘सफारी’ शब्द चिकटविला, मुळात तो आपला साधा ‘सफर’ आहे.) कन्नडात ‘एनु समाचार?’ म्हणतात ते याच घाटाचे. हबारीचे उत्तर बहुधा ‘न्झुरी’, म्हणजे ‘चांगली’. घरी कोणी अंथरुणाला खिळलेले असो, पीक बुडालेले असो, पहिले उत्तर ‘न्झुरी’ हेच द्यावयाचे. आणि मग ‘लाकिनी’, म्हणजे ‘परंतु’, असे म्हणून खरी हकीकत सांगावयास लागावयाचे. हा ‘लाकिनी’ही अरबीच, हिंदीतील ‘लेकिन’चा भाऊ.

युरोपीय माणसाला ही रीत लबाडीची वाटते. मराठी वाचकाला ती तशी वाटू नये. निदान ज्याने जुने कागद चाळले आहेत त्याला तरी. आपल्या पत्रांचा मायना आठवावा. ‘साष्टांग नमस्कार विनंति विशेष’, त्यानंतर ‘येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत असावे’, आणि त्यानंतर ‘उपरि’ हा शब्द. कुशलाची ग्वाही आधी, आणि वसूल बुडाल्याची, घोडी मेल्याची, मुलूख गेल्याची हकीकत ‘उपरि’च्या पलीकडे. हे ‘उपरि’ म्हणजेच स्वाहिली बोलण्यातील ‘लाकिनी’. दुःखाची बातमी कानांवर आदळू नये, तिच्या आधी दोन माणसांमधला सांधा पक्का झालेला असावा, ही त्यामागची दृष्टी. आपण पत्रातून ती काढून टाकली त्याला बरीच वर्षे झाली. सा. न. वि. वि. या चार अक्षरांत काही काळ तिचा सांगाडा उरला होता, आता तोही गेला.

शब्दांची ही नाती पाहून नवल वाटावयाचे कारण नाही. अरबी समुद्राच्या दोन्ही काठांना मोसमी वाऱ्याने बांधून ठेवले होते. गलबते हिवाळ्यात तिकडे जात आणि पावसाळी वाऱ्यावर परत येत. आपली ‘गाडी’ तिकडे ‘गारी’ झाली, ‘लाख’ हा ‘लाकी’ झाला, ‘दुकान’ तिकडे ‘दुका’, आणि ‘पैसा’ ‘पेसा’ या नावाने आजही चालतो. ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत १९२० सालापर्यंत चलनच रुपयाचे होते. कारकुनाला स्वाहिलीत ‘करानी’ म्हणतात. बंगाल्यांचा ‘केरानी’ तो हाच असावा असे दिसते. साम्राज्याच्या काळात तिकडच्या सरकारी कचेऱ्यांतून गोव्याकडची माणसे मोठ्या संख्येने करानी होती. प्रस्तुत लेखकाच्या धंद्याचे नाव त्या किनाऱ्यावर आपल्याच माणसांमुळे घरोघर पोचले असेल तर त्यात थोडा अभिमान मानावयास हरकत नसावी.

आतापर्यंत जी अभिवादने पाहिली ती बरोबरीच्या माणसांची. ज्या शब्दासाठी हा लेख लिहावयास घेतला तो यापुढचा आहे. धाकट्याने थोरल्याला भेटताच म्हणावयाचे: ‘शिकामो’. रोमन लिपीत तो शेवटी दोन ओकार जोडून लिहितात. इंग्रजी वळणाने त्याचे ‘शिकामू’ करू नये. ‘नाशिका मिगू याको’, म्हणजे ‘तुमचे पाय धरतो’, या वाक्याचा तो संक्षेप मानला जातो. थोरल्याने उत्तर द्यावयाचे ‘मराहाबा’. दुसरे कोणतेही उत्तर चालत नाही, आणि उत्तर न देणे हा मोठा अपमान होतो. समोर वडीलधारी माणसे अनेक असतील तर ‘शिकामोनी’ असे अनेकवचन करावयाचे. पाय धरतो असे म्हणतात, पण कोणी वाकत नाही. क्रिया गळून गेली आणि तिचे नाव मात्र उरले.

मराठी माणसाला हे ऐकताच ‘पाया पडतो’ आठवणार. जुन्या म्हैसूर मुलखातील माणसाला आणखी जवळचे आठवेल. येथल्या खेड्यांत कुळाने किंवा गड्याने मालकाला उभ्या उभ्याच म्हणावयाचा एक शब्द होता: ‘अड्डबिद्दे’. म्हणजे ‘आडवा पडलो’. पडत कोणी नसे. पण पडलो आहे असे भूतकाळी क्रियापद वापरून सांगावे लागे. तुलना केली की प्रश्न उभा राहतो. शिकामो आणि अड्डबिद्दे यांचा सांगाडा एकच. मग एक आज शाळकरी मुलांच्या तोंडी का आणि दुसऱ्याचा उच्चारही आता लाजिरवाणा का वाटतो?

शिकामोविषयी तिकडेही वाद झालेले आहेत. गुलामाने मालकाला म्हणावयाचा हा शब्द होता, म्हणून तो टाकून द्यावा, असे म्हणणारे आहेत. झांझिबारचा गुलामांचा बाजार १८७३ साली बंद झाला, तेव्हा ही आठवण फार दूरची नाही. पुढे १९६७ च्या आरुशा घोषणेनंतर टांझानियात समाजवादाचा प्रयोग झाला. तेथे सर्वांनी परस्परांना ‘न्दुगु’, म्हणजे बंधू, असे संबोधावे हा प्रघात पडला. साहेब, मालक या अर्थाची जुनी संबोधने त्या काळात मागे पडली. परंतु शिकामो मागे पडले नाही. याचे कारण, मला दिसते ते असे, की त्या शब्दातली थोरवी तोपर्यंत जन्मावरून आणि मालमत्तेवरून सरकून वयावर येऊन बसली होती. साठीच्या चौकीदाराला तिशीचा अधिकारी शिकामो म्हणतो आणि चौकीदार मराहाबा म्हणून ते स्वीकारतो. वय ही अशी पायरी आहे की जगला वाचला तर प्रत्येकजण तिच्यावर चढतो. आज पाय धरणारा उद्या मराहाबा म्हणणार असतो. अड्डबिद्देच्या पायरीवर कुळाचा नातू म्हातारा झाला तरी चढू शकत नव्हता.

आमच्या कचेऱ्यांचा रिवाज याच्या नेमका उलट आहे. तेथे वेतनश्रेणी बोलते. निवृत्तीला आलेला शिपाई पंचविशीच्या अधिकाऱ्याला पाहून उभा राहतो, आणि त्या अधिकाऱ्याने मान किंचित हलविली तरी ते पुरेसे समजले जाते. यात कोणा एकाचा दोष नाही. रिवाजच तसा पडलेला आहे. पण तोच अधिकारी घरी गेल्यावर शिपायाच्या वयाच्या चुलत्यापुढे वाकतो. एकाच माणसाला दिवसातून दोन व्याकरणे चालवावी लागतात, आणि त्याचे त्याला काही वाटत नाही.

अभिवादनात दर्जा किती खोल बसलेला असतो याचा दाखला शोधण्यासाठी आफ्रिकेत जाण्याचे कारणच नाही. पेशवाईतील पत्रव्यवहारात कोणी कोणाला काय लिहावयाचे हे बांधलेले होते. ब्राह्मणाने ब्राह्मणाला नमस्कार, ब्राह्मणाने इतरांना आशीर्वाद, इतरांनी ब्राह्मणाला दंडवत, मराठ्यांनी आपसांत रामराम. आज आपण जो ‘नमस्कार’ बसवाहकापासून मंत्र्यापर्यंत सर्वांना सारखा करतो, तो एके काळी असा कुंपणातला शब्द होता. मुंबईच्या सोनारांनी आपसांत ‘नमस्कार’ म्हणावयास सुरुवात केली तेव्हा पुण्याच्या दरबाराने त्याला हरकत घेतली, आणि कंपनी सरकारच्या मुंबईतील कौन्सिलने १७७९ साली हुकूम काढून त्यांना तसे म्हणण्याची मनाई केली. इंग्रज कौन्सिल, पुण्याचा दरबार आणि मध्ये एक शब्द! चार अक्षरांच्या अभिवादनावर दोन सरकारांनी कागद खर्ची घातल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

म्हणून जुनी अभिवादने गेली, सगळीकडे गुळमुळीत नमस्कार झाला, अशी हळहळ जेव्हा आमच्या परमुलखातील मराठी मंडळांच्या सभांतून व्यक्त होते, तेव्हा ती पुरतीपणे पटत नाही. त्या नमस्काराचा गुळमुळीतपणा फुकट आलेला नाही. तो सर्वांचा व्हावा म्हणून त्यातला कस थोडा उडून गेला. ‘जोहार’ हा शब्द तर त्याहून बोलका आहे. चोखामेळ्याने तो विठ्ठलाला वाहिला; एकनाथांनी महाराच्या भूमिकेतून भारुडे लिहिली त्यांत जोहारानेच बोलण्याचा आरंभ केला आणि त्या मुखातून वेदान्त वदविला. वाङ्मय म्हणून ही रचना थोर आहे यात शंका नाही. परंतु गावच्या चावडीवर जोहार घालणाऱ्याला एकनाथांनी दिलेली उंची मिळालेली नव्हती. विसाव्या शतकात ज्यांनी तो शब्द टाकला आणि ‘जय भीम’ स्वीकारला, त्यांनी शब्दाच्या रचनेतच बदल केला. हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेय कामठीच्या बाबू हरदास यांना (१९०४–१९३९) दिले जाते. ‘जय भीम’चे उत्तर ‘जय भीम’ असते. खालून वर काही जात नाही, वरून खाली काही येत नाही. रचनेपुरते बोलावयाचे तर वारकऱ्यांनीही निराळ्या वाटेने हेच साधले होते. वारीत एकजण पायांवर डोके ठेवतो तर दुसरा लगेच त्याच्या पायांवर ठेवतो. नमस्काराचे उत्तर नमस्कार, वय आणि जात विचारावयाची नाही. फरक एवढाच की पंढरीहून गावी परतल्यावर ते व्याकरण वाळवंटातच राहून जाई.

आता उत्तराविषयी. मराठी अभिवादनातील माझ्या मते सर्वांत दुबळी जागा ही आहे, आणि तिचा विचार फारसा कोणी केलेला नाही. ‘पाया पडतो’ याला आपल्याकडे उत्तर म्हणून आशीर्वाद येतो. मुलाला ‘औक्षवंत हो’, ‘यशस्वी हो’. मुलीला आणि सुनेला ‘सौभाग्यवती हो’, ‘अष्टपुत्रा हो’. म्हणजे उत्तर देणाराने आधी नमस्कार करणाराचे लिंग पाहिले, मग तिचे कपाळ पाहिले, आणि त्यावरून शब्द निवडला. विधवेने नमस्कार केला की जुन्या घरांतून म्हाताऱ्या माणसांची जीभ अडखळत असे, आणि ते अडखळणे तिला प्रत्येक सणाला ऐकावे लागत असे. मराहाबा या शब्दात ही चौकशी नाही. तो मूळचा अरबी स्वागतशब्द, त्यामुळे त्यात आशीर्वादही नाही आणि भविष्यही नाही. त्याचा अर्थ एवढाच, की तू दिलेले मला पोचले. मुलगा असो, मुलगी असो, विवाहित असो, नसो, उत्तर तेच. स्वाहिलीच्या व्याकरणात स्त्रीलिंग-पुल्लिंग हा भेदच नाही, याचाही त्यास हातभार लागला असेल. आशीर्वाद गोड असतात हे मान्य करूनही, मराहाबासारखा एक कोरा, सर्वांना सारखा आणि तरीही थोरल्याच्याच तोंडी शोभणारा शब्द आपल्याजवळ नाही, ही उणीव कबूल केली पाहिजे. आज ज्यांना ‘अष्टपुत्रा’ म्हणवत नाही अशी मोठी माणसे ‘असू दे, असू दे’ म्हणून वेळ मारून नेतात. ‘असू दे’ हे उत्तर नव्हे. ती सुटका आहे.

येथे भाषांतरकाराचा प्रश्न येतो, आणि समीक्षेच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा. स्वाहिलीत स्वतंत्र आणि जुनी वाङ्मयपरंपरा आहे. ‘उतेंडी वा तांबुका’ या दीर्घकाव्याचे हस्तलिखित १७२८ सालचे आहे. विसाव्या शतकात शाबान रॉबर्ट (१९०९–१९६२) यांनी आधुनिक गद्यपद्याची घडी बसविली. टांझानियाचे पहिले अध्यक्ष जूलियस न्येरेरे यांनी शेक्सपिअरचे ‘जूलियस सीझर’ आणि ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ स्वाहिलीत आणले. राज्यकर्त्याने फावल्या वेळात शेक्सपिअरचे भाषांतर करावे हे आपल्या नशिबी आले नाही. झांझिबारला जन्मलेले आणि इंग्रजीत लिहिणारे अब्दुलरझाक गुर्ना यांना २०२१ सालचे नोबेल पारितोषिक मिळाल्यापासून त्या किनाऱ्याकडे मराठी वाचकाचेही लक्ष गेले आहे. तेव्हा तिकडच्या कथा-कादंबऱ्या मराठीत आणताना शिकामोचे काय करावयाचे हा प्रश्न कल्पनेतला नाही.

समजा, दहा वर्षांचा मुलगा अंगणात शिरतो आणि म्हणतो, ‘शिकामो, बीबी’. (बीबी म्हणजे तिकडे आजी, मराठी वाचकाचा येथे पहिलाच घोटाळा होणार.) ती म्हणते, ‘मराहाबा’. पहिला मार्ग: ‘नमस्कार, आजी.’ ‘नमस्कार, बाळ.’ हा मार्ग सोपा आणि अगदी खोटा. कोणतीही मराठी आजी नातवाला उलट नमस्कार करीत नाही, आणि कोणताही नातू अंगणातून येता जाता आजीला ‘नमस्कार’ म्हणत नाही. दुसरा मार्ग: ‘पाया पडतो, आजी.’ ‘औक्षवंत हो.’ हे वाचताना कानाला बरे लागते. पण आपल्याकडे पाया पडणे हे परीक्षेला, प्रवासाला, सणाला निघताना होते. त्या मुलाचे शिकामो रोजचे आहे, दिवसातून दहा जणांना म्हणावयाचे आहे. मराठी रूपात त्या अंगणात उगीचच कसला तरी समारंभ चालू असल्याचा भास होईल. शिवाय कादंबरीतील आजीने न दिलेला आशीर्वाद भाषांतरकाराने तिच्या तोंडी घातलेला असेल.

तिसरा मार्ग मूळ शब्द तसेच ठेवण्याचा. याविरुद्ध नेहमीचा आक्षेप असा, की वाचक अडतो. पहिल्या दोन ठिकाणी अडेल हे खरे. परंतु कादंबरीत पुढे केव्हातरी असा प्रसंग येतोच, की तरुण मुलगा चुलत्यासमोर येऊन उभा राहतो आणि काहीच बोलत नाही. ज्या वाचकाने तोपर्यंत शिकामो आणि मराहाबा ही जोडी दहा वेळा ऐकली आहे त्याला ती शांतता कळते. ज्याला आपण सर्वत्र ‘नमस्कार’ वाढला त्याला त्या पानावर काही घडले हेच कळणार नाही. न केलेल्या अभिवादनाचे नाट्य मराठी वाचकाला नवे नाही. विजापूरच्या दरबारात बाल शिवाजीने मुजरा केला नाही ही बखरींनी सांगितलेली कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्या कथेचे परभाषेत भाषांतर करताना कोणी ‘मुजरा’च्या जागी साधे ‘नमस्कार’ घातले, तर मुलगा शिष्टाचार विसरला एवढाच बोध होईल. म्हणून माझा कौल तिसऱ्या मार्गाला आहे, आणि तोही पहिल्या पानापासून. तळटीप मात्र नको. जोडीची उत्तरे वाचक आपोआप शिकतो. लहान मुले भाषा अशीच शिकतात.

स्वाहिलीतील दीर्घकाव्यांच्या आरंभाची रीतही या संदर्भात पाहण्यासारखी आहे. कवी प्रथम ईश्वराची स्तुती करतो आणि मग शाई, कागद आणि लेखणी आणून देण्याची विनंती करतो. आपले आख्यानकवी गणेश, शारदा, सद्गुरू यांना वंदून नंतर श्रोत्यांना विनवितात. दोन्हीकडे काव्य एकदम सुरू होत नाही; ते आधी दार वाजविते. दार वाजविण्यासाठी स्वाहिलीत खास शब्दच आहे: ‘होडी’. उच्चार जवळजवळ आपल्या होडीसारखा. परक्या अंगणाशी उभे राहून ‘होडी!’ म्हणावयाचे, आतून ‘कारिबू’, म्हणजे ‘जवळ या’, असे आले की आत पाऊल टाकावयाचे. तीनदा हाक घालूनही उत्तर आले नाही तर मुकाट्याने परत फिरावयाचे. आपल्याकडे ‘कोण आहे का घरात?’ असे म्हणत आपण ओटीवर पोचलेलो असतो, आणि ‘या, या, बसा’ हे उत्तर येईपर्यंत चप्पल काढून झालेली असते.

निरोपाच्या शब्दांत मात्र मराठी आणि कन्नड अधिक श्रीमंत आहेत, असे मी पक्षपात न करता म्हणेन. स्वाहिलीत ‘क्वाहेरी’ म्हणतात. त्यातला ‘हेरी’ म्हणजे ‘त्याची खैर नाही’ या वाक्यातली आपली खैर. म्हणजे ‘खैरीने’, सुखरूप. चांगला शब्द आहे. पण जाणाराने ‘येतो’ म्हणावे, आणि म्हैसूरकराने ‘होग्बर्तीनि’, म्हणजे ‘जाऊन येतो’, असे म्हणून उंबरा ओलांडावा, यातले शहाणपण निराळेच. ‘जातो’ म्हटले की आजही आतून कोणीतरी ‘येतो म्हण’ असे ओरडते. कन्नड शेजारीण आणि मराठी आई या एका बाबतीत एकाच शब्दात दटावतात. मुले इंग्रजी ‘बाय’ म्हणून निघून जातात तेव्हा दोघींचाही नाइलाज होतो.

शेवटी एका शब्दाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. ‘पोले’. इंग्रजी कोश त्याचा अर्थ ‘सॉरी’ देतात आणि त्यामुळे तो साफ बिघडतो. कारण त्यात क्षमायाचना मुळीच नाही. ठेच लागलेल्याला ‘पोले’, आजाऱ्याला ‘पोले’, लांबून आलेल्याला ‘पोले ना सफारी’, आणि काम करीत असलेल्या कोणालाही जाता जाता ‘पोले ना काझी’. तुझे कष्ट मला दिसले, एवढेच त्यात सांगावयाचे असते. ते कष्ट बोलणाराने दिलेले नसतात आणि तो ते वाटूनही घेणार नसतो. रस्ता खणणाऱ्या मजुराजवळून जाताना, किंवा खिडकीमागे दिवसभर अर्ज स्वीकारणाऱ्या माणसाला कागद देताना, आपण मराठीत काय म्हणतो? बहुधा काहीच नाही. संभाषणपुस्तिकेच्या उजव्या रकान्यात या शब्दासमोर काय छापावे याचा मी पुष्कळ विचार केला. ‘श्रमलात’ हे नाटकी होते. ‘दमलात’ लिहून पाहिले. पण मराठीत त्यापुढे ‘बसा’ म्हणावेच लागते, आणि मजुराला किंवा खिडकीमागच्या माणसाला तसे म्हणून चालत नाही.